फुटबॉलचा वस्ताद कसा असावा?

गेल्या महिन्यांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ आतां आपल्याच गांवांतील एका महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर आहे. नांवाचें येथें प्रयोजन नाहीं. त्यानें लिहिलें होतें कीं, महाविद्यालयाच्या फुटबॉल संघासाठीं मुख्य प्रशिक्षक नेमावयाचा आहे, अर्ज आले आहेत, निवडसमितींत खेळाचे जाणकार दोघे व हिशेबाचा जाणकार एक असे तिघे आहेत, परंतु मुलांचा जाणकार कोणीच नाहीं. तेव्हां गुरुजींनीं येऊन बसावें. पत्र वाचून घरांत थोडी करमणूक झाली. "जन्मभर रघुवंश शिकविलात, आतां चेंडूची परीक्षा घेणार काय?" असें आमच्या मंडळींनीं विचारलें. नातवानें तर, "आजोबांना ऑफसाइड कळतो का?" म्हणून सरळ शंकाच काढली. ऑफसाइड मला कळतो. तो कसा कळला व त्याची किंमत काय पडली, हें पुढें सांगणारच आहें.

पुण्यामुंबईच्या वाचकांस प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, आमच्या कोल्हापुरांत फुटबॉल हा पेठेचा कुलाचार आहे. इतर गांवीं संघांस सिंह, वाघ, वादळ असलीं नांवें देतात. येथें संघांचीं नांवें म्हणजे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम! ज्या तालमींच्या हौद्यांत पूर्वी माती अंगाला लागत असे, त्याच तालमींनीं पुढें चेंडू हातीं, म्हणजे पायीं, घेतला. शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हेहि त्याच पंक्तींतले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला म्हणजे त्या दिवशीं दुपारीं मंगळवार पेठेंत आणि शिवाजी पेठेंत दुकानदार अर्धें दार लावून बसतात. पोलिसांचा बंदोबस्त तर लग्नांतील वाजंत्र्याप्रमाणें ठरलेलाच. आपल्या पांढरपेशा घरांतून या खेळाकडे फार दिवस जरा नाक मुरडूनच पाहिलें गेलें. 'पाय मोडून घ्यावयाचे आणि गुण बुडवावयाचे' एवढीच त्याची ख्याति. पण आतां आपल्याहि घरांतील मुलगे, आणि मुलीदेखील, गुडघ्यापर्यंत मोजे चढवून सकाळीं सहाला बाहेर पडतात. तेव्हां त्यांस कोणाच्या हवालीं करावयाचें हा प्रश्न केवळ तालमींचा राहिलेला नाहीं.

तालमींत शिकविणाराला आपण वस्ताद म्हणतों. या शब्दांत जें आहे तें 'कोच' या शब्दांत नाहीं. वस्ताद पेच शिकवितो. पण पोरगा काय खातो, किती निजतो, कोणाच्या संगतीला लागला आहे, घरीं दूध येतें कीं नाहीं, हेंहि त्याला ठाऊक असतें. तसेंच, कुस्ती कधीं लावावयाची नाहीं हें तोच ठरवितो. जोड भारी असेल तर पट्ठ्यानें कितीहि शड्डू ठोकला तरी वस्ताद 'नको' म्हणतो आणि विषय तेथेंच संपतो. महाविद्यालयानें प्रशिक्षक शोधावयाचा तो या जातीचा.

परंतु तालीम आणि महाविद्यालय यांत एक मोठा भेद आहे, व तो जाहिरात लिहिणारांच्या बहुधा लक्षांत येत नाहीं. तालमीचा खेळाडू दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षें तालमीचाच असतो. महाविद्यालयाचा मुलगा तीन, आणि आतां नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें फार तर चार वर्षांचा पाहुणा. जूनमध्यें अर्धा संघ नवा येतो, मार्चमध्यें उत्तम गडी पदवी घेऊन निघून जातात. मध्यंतरीं सत्र परीक्षा, हजेरीची अट, राहिलेले विषय. शिवाजी विद्यापीठाच्या स्पर्धा व्हावयाच्या, त्यांतून निवडलेल्यांनीं विद्यापीठातर्फें बाहेर खेळावयास जावयाचें. आणि त्याच मोसमांत पेठेची तालीमहि त्याच मुलाच्या पायांवर हक्क सांगणार. सकाळीं महाविद्यालयाचा सामना आणि सायंकाळीं तालमीचा, अशीं दुहेरी औतास जुंपलेलीं मुलें मीं स्वतः पाहिलीं आहेत. त्यांतून एका संघांत चार पेठांचे गडी असावयाचे. स्टेडियमवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोघे येथें एकमेकांस चेंडू देतील असें करावयाचें. प्रशिक्षक स्वतः कोणत्या पेठेचा हें गांवांत पोराटोरांनाहि ठाऊक असतें. पण तो मैदानाच्या फाटकांतून आंत शिरतांना आपली पेठ बाहेर ठेवून येतो कीं नाहीं हें पाहावयास हवें. दरसाल नव्या वर्गापुढें 'रामः रामौ रामाः' पासून आरंभ करण्याचा ज्याला कंटाळा नाहीं, असाच मनुष्य या कामीं टिकेल. हें लिहितांना मी आपल्या धंद्याची थोरवी गात आहें असें वाटेल. पण पुढचें ऐका.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त पहिल्याच अंकांत गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचें भांडण आहे. श्रेष्ठ कोण, एवढाच वाद. राजा न्याय देण्यास कचरतो व परिव्राजिका कौशिकी मध्यस्थ होते. तिचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कोणाची कला त्याच्या स्वतःच्या ठिकाणीं उत्तम वसते, कोणाला ती दुसऱ्याच्या ठिकाणीं उतरवितां येते. ज्याला दोन्ही साधतें त्यानें शिक्षकांच्या अग्रभागीं बसावें. आणि परीक्षा कशी घ्यावयाची? आचार्यांना नाचावयास लावून नव्हे, शिष्यांचें काम पाहून. दीड हजार वर्षांपूर्वींचा हा निवाडा आमच्या निवडसमितींना आजहि ठाऊक नसावा, कारण अर्जांबरोबर जीं कात्रणें जोडलेलीं असतात त्यांत अर्जदारानें स्वतः किती गोल मारले तेंच असतें. त्याच्या हाताखालून गेलेल्या मुलांचें पुढें काय झालें याचें कात्रण कोणी जोडीत नाहीं.

रमाकांत आचरेकर यांच्या नांवावर प्रथम श्रेणीचा अवघा एक सामना. म्हणजे खेळाडू म्हणून त्यांचें कात्रण पोस्टकार्डावर मावलें असतें. परंतु शिवाजी पार्कवर त्यांनीं जीं मुलें वाढविलीं त्यांत सचिन तेंडुलकर होता. यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवून, जो बाद करील त्याचें, आणि कोणीच बाद न केल्यास सचिनचें, ही त्यांची रीत. आणि एका मैदानावरचा डाव संपला कीं पोराला स्कूटरवर मागें बसवून दुसऱ्या मैदानावर. १९९० सालीं त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. (जातां जातां: गुरूंच्या पुरस्कारास द्रोणाचार्यांचें नांव देणारांनीं एकलव्याच्या अंगठ्याचा विचार केला होता काय, कोण जाणे. मला तें नांव नेहमीं खटकतें.)

फुटबॉलपुरतें बोलावयाचें तर भारतांत या विषयाचें एकच उपनिषद आहे, व त्याचें नांव सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे हे गृहस्थ पेशानें शाळामास्तर. म्हणूनच माझा त्यांच्याकडे पक्षपात. १९४३ पासून ते हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक होते. या संघानें मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा लागोपाठ पांच वेळां नेला. आपल्या गड्यांचा दुबळा पाय तयार व्हावा म्हणून ते त्यांस केवळ त्याच पायानें खेळावयास लावीत, आणि चेंडू पायांत घोळवीत न बसतां एका स्पर्शांत पुढें देण्याचा सराव करून घेत. पंतोजीचेंच हें डोकें! जें येत नाहीं तेंच पुनःपुन्हा गिरवावयास लावावयाचें. हल्लीं 'मैदान' या नांवाचा चित्रपट त्यांच्यावर निघाला (२०२४), म्हणून मुलांस नांव तरी कळलें.

त्यांच्या चरित्रांतील दोन प्रसंग निवडसमितीनें डोळ्यांपुढें ठेवावे असे आहेत. पहिला १९५२ चा. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें आमचा १०-१ असा धुव्वा उडविला. आमचे कित्येक गडी तेव्हां अनवाणी खेळत होते. आजच्या मंडळांनीं अशा प्रशिक्षकास विमानतळावरच राजीनामा लिहून मागितला असता. पण काम रहीमसाहेबांकडेच राहिलें, पायांत बूट आले, आणि चारच वर्षांनीं, १९५६ सालीं, मेलबर्नला भारत ऑलिंपिकमध्यें चौथा आला. ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें त्या सामन्यांत नेव्हिल डिसूझानें तीन गोल मारले. हा गडी मूळचा आपल्या गोंयचा आणि मुंबईस टाटांच्या संघाकडून खेळणारा. दुसरा प्रसंग १९६२ चा, जाकार्ताच्या आशियाई खेळांतला. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला. पुढें थायलंडशीं खेळतांना जर्नेलसिंग हा आमचा बचावाचा खांब डोक्याला जखम होऊन बसला, टांके पडले. जपानविरुद्ध त्याला बसविलें. नंतर उपांत्य सामन्यांत रहीमसाहेबांनीं त्याला उतरविलें तें बचावांत न ठेवतां थेट आघाडीच्या मध्यभागीं. त्यानें त्या सामन्यांत गोल मारला आणि अंतिम सामन्यांतहि मारला. प्रतिकूल ओरडा करणाऱ्या प्रचंड गर्दीपुढें, त्याच दक्षिण कोरियाला २-१ हरवून भारतानें सुवर्णपदक घेतलें. रहीमसाहेबांस त्या वेळीं कर्करोगानें ग्रासलें होतें. पुढच्याच वर्षीं जूनमध्यें ते वारले. त्यानंतर आजवर आशियाई खेळांत फुटबॉलचें सुवर्ण आपणांस मिळालेलें नाहीं.

जर्नेलसिंगच्या त्या टांक्यांची गोष्ट मी वर्गांत पुष्कळ वेळां रंगवून सांगितली आहे. आतां सांगत नाहीं. म्हणजे ती खोटी आहे म्हणून नव्हे. ती ऐकून मीं स्वतः काय केलें हें आठवतें म्हणून.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेंतील ड्रिलमास्तर अचानक नोकरी सोडून गेले, आणि मुख्याध्यापकांनीं फुटबॉलचा संघ माझ्या गळ्यांत बांधला. कारण काय, तर माझे तास दुपारनंतर मोकळे! मी मॅट्रिकनंतर पाठशाळेंत शिकलेला. पंचमहाकाव्यें मला येत, 'पेनल्टी' मात्र येत नव्हती. पण शिकलों. पुस्तकें मिळविलीं, जुन्या खेळाडूंना गांठून विचारलें, ऑफसाइडच्या आकृत्या फळ्यावर काढल्या. दोन वर्षांत संघ आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यास पोंचला. आमचा मधला आघाडीपटु, वय पंधरा, उपांत्य सामन्यांत पडला व त्याचा उजवा गुडघा सुजला. मध्यें दोन दिवस होते. मीं तेल लावविलें, शेकविलें, पट्टी बांधली. डॉक्टरकडे नेलें नाहीं. कारण डॉक्टर काय म्हणेल हें मनांत कोठेंतरी मला ठाऊक होतें. सामन्याच्या सकाळीं सर्व मुलांदेखत मीं त्याला विचारलें, "काय रे, खेळशील ना?" तो म्हणाला, "हो गुरुजी." मला धन्य वाटलें. उत्तरार्धांत चेंडूमागें वळतांना तो एकटाच, कोणाचा धक्का न लागतां, खालीं बसला. आम्हीं सामना जिंकला. चषक शाळेच्या कपाटांत अजून आहे. त्या मुलाच्या गुडघ्यांतील बंध तुटला होता; तो पुन्हा फुटबॉल खेळला नाहीं.

हा मुलगा आज पन्नाशीचा आहे, महाद्वार रस्त्यावर त्याचें वह्यापुस्तकांचें दुकान आहे, आणि जिना चढतांना तो कठड्याला धरतो. निवडसमितीचें पत्र आल्यावर मी प्रथम त्याच्याकडे गेलों. इतक्या वर्षांत आम्ही या विषयावर बोललों नव्हतों. तो चहा मागवीत म्हणाला, "गुरुजी, तुम्ही विचारलंत म्हणून मी हो म्हटलं. नाही म्हणायला मला येत होतं का तेव्हा? सगळी पोरं बघत होती." थोडा वेळ थांबून म्हणाला, "तुम्ही विचारायलाच नको होतं." त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. पस्तीस वर्षें आपण त्या प्रसंगाचा अर्धा दोष त्याच्या 'हो'वर टाकून झोंपत होतों, हें मला त्या बाकावर बसून कळलें.

मुलाखतीच्या दिवशीं तिघे उमेदवार होते. मीं सर्वांना एकच प्रश्न विचारावयाचा ठरविला: अंतिम सामना आहे, तुमच्या उत्तम गड्याचा गुडघा सुजला आहे, मुलगा खेळतों म्हणतो, काय कराल?

पहिला उमेदवार आपल्या काळचा नांवाजलेला खेळाडू. खोलींत आला तेव्हां समितींतील दोघे नकळत उभे राहिले. त्याच्या डाव्या पायाचे गोल मीहि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाहिले आहेत. कात्रणांची वही जाडजूड. विषय राहिलेल्या मुलांचें काय कराल, या प्रश्नावर तो म्हणाला, "अकरा चांगले मिळाले की झालं, सर, अभ्यासाचं कॉलेजनं बघावं." माझ्या प्रश्नावर त्याचें उत्तर आलें, "पोरगा मनानं तयार असेल तर खेळवीन. जिगर महत्त्वाची." हें उत्तर ऐकतांना माझ्या अंगावर कांटा आला, कारण आवाज त्याचा होता आणि शब्द माझे होते.

दुसरा तरुण, तिशीचा, बगलेंत लॅपटॉप घेऊन आलेला. त्याच्याविषयीं माझें मत, खरें सांगतों, तो बसण्यापूर्वींच वाईट झालें होतें. आशियाई महासंघाची प्रशिक्षकांसाठीं डी, सी, बी, ए अशी परवान्यांची चढती शिडी आहे. हा त्यांतील 'बी'पर्यंत पोंचलेला. मला वाटलें, पढतमूर्ख असावा. त्यानें पडद्यावर दाखविलें कीं, आठवड्यांत एका मुलाचें किती धावणें व्हावें, सामन्यानंतर किती विश्रांति, तालमीचा सामना आदल्या सायंकाळीं झाला असेल तर दुसऱ्या दिवशीं त्याला काय करावयास लावावयाचें. एप्रिलच्या उन्हांत सराव किती वाजतां थांबवावयाचा हेंहि त्यांत होतें. आणि माझ्या प्रश्नास त्यानें एका वाक्यांत उत्तर दिलें: "मी त्याला विचारणारच नाही, सर. डॉक्टरांना विचारीन, आणि ते नाही म्हणाले तर संघाच्या यादीत त्याचं नावच लिहिणार नाही, म्हणजे त्याला सगळ्यांसमोर नाही म्हणावं लागणार नाही." मीं पुढें कांहीं विचारलें नाहीं. समितींतील एकानें मला, "गुरुजी, अजून कांहीं?" असें दोनदां विचारलें.

तिसरा एका खेडेगांवच्या शाळेंतील शिक्षक. परवाना अगदीं खालच्या पायरीचा. तो मला मनापासून आवडला. त्याच्या शाळेंतून दोन मुली जिल्ह्याच्या संघांत गेल्या होत्या व त्यांच्या आईबापांचीं पत्रें त्यानें आणलीं होतीं. कात्रणाऐवजीं पत्रें! गुडघ्याच्या प्रश्नावर तो म्हणाला, "आईवडिलांना बोलावीन." हेंहि खोटें नाहीं. पण आईबापहि पेठेचेच असतात आणि चषकाचा मोह त्यांनाहि सुटत नाहीं, असा माझा अनुभव आहे. निघतांना त्यानें वेतन विचारलें नाहीं. विचारलें तें एवढेंच, कीं मैदानावर नळ आहे काय. आमच्यापैकीं कोणालाच तें ठाऊक नव्हतें.

समितींत पुष्कळ चर्चा झाली. पहिल्या गृहस्थांचा पक्ष बळकट होता. 'नांव मोठें, मुलें आपोआप येतील.' हें खरें आहे. नांवाला मुलें येतात. पण आलेल्यांस पुढें नेणें ही वेगळी विद्या. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. पण खेळाची शाळा करण्यासाठीं त्याला लहानपणींच गांव सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत जावें लागलें. ज्या गांवांत फुटबॉलवर इतकें प्रेम आहे त्या गांवाला ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. प्रेम आमच्याकडे पायलीनें आहे; शिक्षण चिपट्यानें.

दुसरी बाजू मांडतांना मीं खाशाबा जाधवांचें उदाहरण दिलें. खाशाबा कुस्तीचे, पण शिकले आपल्या राजाराम महाविद्यालयांत. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हां मातींतला हा मल्ल गादीवरच्या कुस्तीला नवखा होता. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानें त्यांस तिचे नियम व डाव शिकविले. त्या वेळीं ते सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें, तें स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. म्हणजे कस गांवच्या मातीचाच होता, पण त्याला आजच्या नियमांत बसविणारा माणूस लागला. आमच्या मुलांच्या पायांत चेंडू खेळविण्याची करामत भरपूर आहे. चेंडू पायांत नसतांना कोठें उभें राहावयाचें, हें शिकविणारा हवा. आणि त्या कथेंतील दुसरी व्यक्ति विसरतां कामा नये. हेलसिंकीच्या खर्चासाठीं प्राचार्य खर्डेकरांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण टाकलें होतें. हिशेबाचे जाणकार सभासद यावर जरा चुळबुळले. मीं म्हटलें, घर कोणी गहाण टाकूं नये. पण प्रशिक्षकाचें मानधन गणवेशावरील जाहिरातीच्या खर्चाहून अधिक असावें, एवढें तरी करूं या.

मग मीं अमेरिकेचा विषय काढला. तिकडे महाविद्यालयीन 'फुटबॉल' म्हणून जो खेळ आहे तो हातानेंच अधिक खेळतात, पण तो भाग सोडून द्या. तेथें कित्येक विद्यापीठांच्या प्रशिक्षकांस कुलपतीहून अधिक वेतन मिळतें, व त्यांचा शब्द कुलपतीहून वजनदार असतो. त्याचीं फळें दोन्ही प्रकारचीं आहेत. जॉन वुडन हे बास्केटबॉलचे प्रशिक्षक, मूळचे इंग्रजीचे शाळामास्तर (पुन्हा मास्तरच!), नव्या मुलांना पहिल्या दिवशीं मोजे कसे घालावे हें शिकवीत, सुरकुती राहिली कीं फोड येतो, फोड आला कीं सराव बुडतो. लॉस एंजिलिसच्या विद्यापीठांत ते १९४८ सालीं आले आणि पहिलें राष्ट्रीय विजेतेपद मिळालें तें १९६४ सालीं. विद्यापीठ सोळा वर्षें थांबलें. तें पहिलें धरून बारा वर्षांत अशीं दहा पदें आलीं. दुसरें उदाहरण पेन्सिल्व्हेनियाचें. तेथील राज्य विद्यापीठांत जो पॅटर्नो हे शेहेचाळीस हंगाम मुख्य प्रशिक्षक होते, जवळजवळ देवत्वास पोंचलेले. त्यांच्याच एका माजी साहाय्यकानें लहान मुलांवर वर्षानुवर्षें अत्याचार केल्याचें २०११ सालीं उघडकीस आलें. कानावर आलेली गोष्ट पुरेशी पुढें नेली नाहीं म्हणून पॅटर्नो पदावरून गेले, व तो साहाय्यक पुढच्या वर्षीं दोषी ठरून तुरुंगांत गेला. जिंकणाऱ्या माणसाला प्रश्न विचारावयाचे नाहींत असें संस्थेनें ठरविलें कीं काय होतें, तें हें.

हा विषय काढतांना मला संकोच वाटला, पण आतां मुलींचाहि संघ आहे, म्हणून बोललों. अर्जदाराच्या पूर्वीच्या शाळेंत, क्लबांत फोन करून विचारावें. मुख्याध्यापकांसच नव्हे, खेळलेल्या मुलींनाहि विचारावें. परगांवीं सामन्यास जातांना मुलींबरोबर स्त्री शिक्षिका असावीच. २०१३ च्या कायद्याप्रमाणें तक्रारींची अंतर्गत समिति महाविद्यालयांत असतेच. तिच्या सदस्यांचीं नांवें व फोन मैदानावरच्या खोलींत लावावेत. तिसऱ्या उमेदवाराच्या पत्रांचें मोल मला यासाठींच वाटलें होतें.

शेवटीं मत घेतलें तेव्हां लॅपटॉपवाल्या तरुणाची निवड झाली. माझें मतहि त्यालाच पडलें, हें मीं घरीं सांगितलें तेव्हां नातवानें माझा हात हातांत घेऊन हलविला. तिसऱ्या गृहस्थांस मुलींच्या संघासाठीं बोलवावें असें मीं सुचविलें आहे. त्यास मंजुरी अद्याप नाहीं. नेमणूक मात्र एका वर्षाची करावी असा हिशेबनीसांचा आग्रह होता. अंदाजपत्रक वार्षिक, म्हणून माणूसहि वार्षिक! मी तीन वर्षें मागत होतों. १०-१ ची गोष्ट पुन्हा सांगितली, वुडनसाहेबांचीं सोळा वर्षें सांगितलीं. दोन वर्षांवर तडजोड झाली. एखादें वर्ष चषक आला नाहीं तर लगेच सभा बोलवावयाची नाहीं, असें टिपणींत लिहून घेतलें आहे. तें कितपत पाळलें जाईल तें पाहूं.

गेल्या सोमवारीं सकाळीं सहा वाजतां सराव सुरू झाला. मी फिरावयास म्हणून तिकडून गेलों. चाळीसएक मुलें आलीं होतीं. नळ आहे, पण त्याला पाणी नाहीं, असें निघालें. नवे प्रशिक्षक व दोन मुलें उपाहारगृहांतून पाण्याचे कॅन उचलून आणीत होतीं, आणि बाकीचीं मुलें हातांत वह्या घेऊन रांगेंत उभीं राहून आपापल्या तासांचें वेळापत्रक लिहून देत होतीं.